एकोणपन्नास कसे लिहावे? : रोमन संख्याचिन्हांविषयी वाचकांचे प्रश्न

पाचवीच्या गणितात आणि शिष्यवृत्ती परीक्षेच्या तयारीत रोमन संख्याचिन्हे येतात, त्यामुळे शाळा सुरू झाल्या की या विषयावरची पत्रे येऊ लागतात. यंदा पुण्यातून आलेल्या पत्रांपैकी पाच येथे घेतली आहेत. रोमन चिन्हे म्हणजे इंग्रजी वर्णमालेतील सात मोठी अक्षरे : आय म्हणजे १, व्ही म्हणजे ५, एक्स म्हणजे १०, एल म्हणजे ५०, सी म्हणजे १००, डी म्हणजे ५०० आणि एम म्हणजे १०००. उत्तरांमध्ये ही अक्षरे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत; वाचकांनी शेजारी कागद-पेन्सिल घेऊन ती काढत काढत वाचावे, कारण ही गोष्ट डोळ्यांपेक्षा हाताला लवकर समजते.

प्रश्न : माझा नातू पाचवीत आहे. चाचणीत ४९ ही संख्या रोमन चिन्हांत लिहायची होती. ‘एकोणपन्नास म्हणजे पन्नासला एक कमी’ असे मीच त्याला घरी समजावले होते, म्हणून त्याने एल काढून त्याच्या डावीकडे आय लिहिला. बाईंनी फुली मारली. नऊसाठी आय-एक्स चालते, तर एकोणपन्नाससाठी आय-एल का चालू नये? (एक आजी, कोथरूड)

आजी, नातवाने तुमचे ऐकून आणि विचार करून उत्तर लिहिले आहे, त्यामुळे त्याला कोणी रागावू नये. मात्र बाईंची फुलीही बरोबर आहे. ही चूक मी पाचवीच्या वह्यांमध्ये अनेक वर्षे पाहिली आहे, आणि ती आळसातून होत नाही, तर मराठी कानामुळे होते, असे माझे ठाम मत आहे. आपल्या ‘एकोणीस’ या शब्दात ‘एक’ आणि ‘ऊन’, म्हणजे कमी, हे दोन शब्द विसाच्या आधी जोडलेले आहेत. संस्कृतातील ‘एकोनविंशति’ या रूपात ते स्पष्ट दिसतात. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास असे करत आपण एकोणनव्वदपर्यंत याच वाटेने जातो, आणि ज्या मुलाच्या कानावर हे शब्द रोज पडतात त्याला पन्नासाच्या आधी एक ठेवून मोकळे व्हावेसे वाटणे अगदी स्वाभाविक आहे.

विशेष म्हणजे ज्यांची ही चिन्हे, ते रोमन लोकही असेच बोलत. लॅटिनमध्ये एकोणिसाला ‘ऊंदेविगिंती’ म्हणतात, ज्याचा अर्थ ‘विसातून एक’. अठराला तर ‘दुओदेविगिंती’, म्हणजे ‘विसातून दोन’, असा शब्द आहे. तरीही १९ ही संख्या आज रूढ असलेल्या पद्धतीत एक्स-आय-एक्स अशी, म्हणजे दहा आणि नऊ अशी लिहितात. तोंडी शब्द वजाबाकीचा असला तरी लिहिताना संख्या आधी दशक आणि एकक अशी फोडायची, हा या पद्धतीचा कणा आहे. तुमच्या नातवाने मनात ‘एकोणपन्नास’ न म्हणता ‘चाळीस आणि नऊ’ म्हणायला हवे होते. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशा वाचनाचा पर्याय आला तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला होता. त्या वादाचा निकाल येथे लावायचा नाही आणि एकोणपन्नास हा शब्द मला प्रिय आहे, पण रोमन चिन्हे लिहिण्यापुरते ‘चाळीस नऊ’ असे मनात म्हणणे फार उपयोगी पडते, हे मी अनुभवाने सांगतो.

चाळीस म्हणजे पन्नासाच्या आधी दहा, म्हणून एक्स-एल. नऊ म्हणजे दहाच्या आधी एक, म्हणून आय-एक्स. दोन्ही शेजारी ठेवले की एक्स-एल-आय-एक्स, हे झाले ४९. वजाबाकी दोनदा झाली, परंतु प्रत्येक वेळी ती आपापल्या घरात झाली : दशकाची दशकात आणि एककाची एककात. यातूनच नियम निघतो. आय हे चिन्ह फक्त व्ही आणि एक्स यांच्या आधी येऊ शकते, एक्स फक्त एल आणि सी यांच्या आधी, आणि सी फक्त डी आणि एम यांच्या आधी. व्ही, एल आणि डी ही तीन चिन्हे कधीच वजा होत नाहीत आणि शेजारी शेजारी दोनदा लिहिलीही जात नाहीत, कारण दोन व्ही म्हणजे एक एक्स होतोच. बाकीची चिन्हे लागोपाठ जास्तीत जास्त तीनदा येतात.

हे नियम पाठ करून घेण्यापेक्षा तुम्ही नातवाला घेऊन जेवणाच्या टेबलावर बसा आणि घरातील सुटे पैसे काढा. दोन, वीस आणि दोनशे बाजूला ठेवले की उरतात ते एक रुपया, पाच रुपये, दहा, पन्नास, शंभर आणि पाचशे. या नेमक्या रोमन चिन्हांच्या किमती आहेत. हजाराची नोट २०१६ साली बंद झाली, तेव्हा एका कागदाच्या तुकड्यावर १००० लिहून ती तयार करावी. ही सगळी नाणी आणि नोटा चढत्या क्रमाने मांडल्यावर मुलाला विचारावे की एकापासून पुढच्यापर्यंत जायला कितीने गुणावे लागते. आधी पाचाने, मग दोनाने, पुन्हा पाचाने, पुन्हा दोनाने, असे उत्तर तो स्वतः शोधून काढतो आणि त्यानंतर सात चिन्हांचा क्रम सहसा विसरत नाही.

आता त्याला नव्वद रुपये द्यायला सांगा. शंभराची नोट पुढे करून दहा परत घेणे हे झाले एक्स-सी. भाजीवाल्याला एकोणपन्नास रुपये देताना आपण पन्नासाची नोट देऊन एक रुपया परत घेतो आणि बाजारात ते बरोबरच आहे. रोमन पद्धतीत मात्र दशकाचा खिसा वेगळा आणि एककाचा खिसा वेगळा, म्हणून पन्नासाची नोट देऊन दहाच परत घ्यायचे, आणि मग वेगळे दहा देऊन एक परत घ्यायचा. हा खेळ दोन संध्याकाळी खेळलेल्या मुलाला आय-एल का चुकते, हे सांगावे लागत नाही.

याच्या पुढची पायरी म्हणजे साचा ओळखणे. एक ते नऊ हे आय, आय-आय, आय-आय-आय, आय-व्ही, व्ही, व्ही-आय, व्ही-आय-आय, व्ही-आय-आय-आय, आय-एक्स असे लिहितात. आता आयच्या जागी एक्स, व्हीच्या जागी एल आणि एक्सच्या जागी सी घातला की तीच नऊ रूपे दहा, वीस, तीस करत नव्वदपर्यंतची होतात. पुन्हा एकेक पायरी वर सरकून सी, डी आणि एम घेतले की शंभर ते नऊशे तयार. एकच साचा तीन वेळा वापरायचा आहे. मुलांना सत्तावीस वेगवेगळी रूपे पाठ करायला लावणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. १९९९ घ्या : हजार म्हणजे एम, नऊशे म्हणजे सी-एम, नव्वद म्हणजे एक्स-सी, नऊ म्हणजे आय-एक्स, आणि सगळे मिळून एम-सी-एम-एक्स-सी-आय-एक्स. ‘दोन हजाराला एक कमी’ म्हणून एम-आय-एम लिहिण्याचा मोह तुमच्या नातवाला आता होणार नाही. १९०५ मध्ये दशकाचे घर रिकामे आहे, तेव्हा तेथे काहीही न लिहिता एम-सी-एम-व्ही एवढेच लिहायचे. ३९९९ पर्यंतच्या सर्व संख्या या सात चिन्हांत बसतात, आणि त्यांतील सर्वांत लांब ३८८८ ही असून तिला पंधरा अक्षरे लागतात. सुट्टीच्या दिवशी ती त्याच्याकडून लिहून घ्यावी.

प्रश्न : आमच्या वाड्यातील लंबकाच्या घड्याळावर चारच्या जागी चार उभ्या रेघा आहेत. नात म्हणते की घड्याळ चुकीचे आहे. तबकडी आता नव्याने रंगवून घ्यायची आहे, तेव्हा ही चूक सुधारून घ्यावी का? (एक वाचक, नारायण पेठ)

कृपा करून सुधारू नका. तबकडीवरील चार रेघांचा चार ही घड्याळकारांची जुनी आणि सर्वदूर पसरलेली रीत आहे. लंडनच्या बिग बेन घड्याळावर आय-व्ही आहे, पण तसे अपवाद थोडे. या रीतीचे खरे कारण म्हणून अनेक गोष्टी सांगितल्या जातात. मला त्यांतील तबकडीच्या तोलाची गोष्ट सर्वांत पटते, कारण ती स्वतःच्या डोळ्यांनी तपासता येते. घड्याळासमोर उभे राहून पाहा. चारच्या समोरासमोर, डाव्या अंगाला, आठ आहे आणि तो व्ही-आय-आय-आय असा चार अक्षरांचा, भरभक्कम आहे. उजवीकडे नुसता आय-व्ही आला तर ती बाजू हलकी दिसते. शिवाय चार रेघा काढल्या की एक ते चारमध्ये फक्त आय दिसतो, पाच ते आठमध्ये व्ही येतो आणि नऊ ते बारामध्ये एक्स येतो, असे तबकडीचे तीन सारखे भाग पडतात. अक्षरे मोजली तर आय वीस, व्ही चार आणि एक्स चार भरतात. आणखी एक सोयीची गोष्ट अशी की तबकडीच्या खालच्या भागातील आकडे मध्याकडे पाय करून, म्हणजे आपल्याला उलटे दिसतात, आणि तेथे आय-व्ही व व्ही-आय यांत चटकन गल्लत होऊ शकते. चार रेघांमुळे ती टळते.

नातीला मात्र हेही सांगावे की प्राचीन रोममध्ये दोन्ही रूपे चालत होती आणि आजचा काटेकोर नियम पुढच्या काळात रूढ झाला. रोमच्या कोलोसियमच्या कमानींवर दारांचे क्रमांक कोरलेले आहेत. तेथील ४४ व्या दारावर एक्स-एल आणि पुढे चार आय आहेत, म्हणजे एकाच संख्येत चाळीस वजाबाकीने लिहिले आणि चार बेरजेने. अठराव्या सैन्यदलातील एका अधिकाऱ्याच्या स्मारकशिळेवर १८ हा आकडा एक्स-आय-आय-एक्स असा, लॅटिन शब्दाप्रमाणे ‘विसातून दोन’ असा कोरलेला आहे. नातीने परीक्षेत आय-व्ही लिहावे, कारण शाळेत तोच नियम आहे, आणि घरी घड्याळ पाहताना चार रेघांचा मान ठेवावा.

प्रश्न : मी विधी शाखेची विद्यार्थिनी असून शिवाजीनगर न्यायालयात वकिलांच्या हाताखाली काम शिकते. दिवाणी प्रक्रिया संहितेतील ऑर्डर, म्हणजे नियमांचे गट, रोमन क्रमांकांनी दिलेल्या असतात आणि घाईत वाचताना माझी चूक होते. लवकर वाचण्याची काही युक्ती आहे का? (एक विद्यार्थिनी, शिवाजीनगर)

आहे. डावीकडून एकेक अक्षर मोजत जाऊ नये. आधी नजर फिरवून लहान चिन्ह मोठ्याच्या डावीकडे कोठे आले आहे तेवढेच पाहावे आणि ती जोडी एकत्र धरावी. १९०८ च्या संहितेत तात्पुरत्या मनाई हुकमाची ऑर्डर एक्स-एक्स-एक्स-आय-एक्स आहे. यात शेवटची जोडी आय-एक्स म्हणजे नऊ, उरलेले तीन एक्स म्हणजे तीस, म्हणून ३९. अपिलाची ऑर्डर एक्स-एल-आय आहे. येथे पहिलीच जोडी एक्स-एल म्हणजे चाळीस, पुढे एक, म्हणून ४१. दरखास्तीची, म्हणजे न्यायालयाच्या निकालाची अंमलबजावणी करून घेण्याची, ऑर्डर एक्स-एक्स-आय हिच्यात जोडीच नाही, सरळ बेरीज करून २१. घाईत सर्वांत जास्त फसवतात ते नऊ आणि अकरा. आय-एक्स ही पक्षकारांच्या हजेरी-गैरहजेरीची ऑर्डर आहे आणि एक्स-आय ही समोरच्या पक्षाकडून माहिती व कागदपत्रे उघड करून घेण्याची. अर्जात एका अक्षराची अदलाबदल झाली तर भलतीच तरतूद पुढे येते. म्हणून टिपण काढताना रोमन क्रमांकाशेजारी आपला साधा आकडाही लिहून ठेवण्याची सवय लावून घ्यावी. महिन्याभरात डोळा तयार होईल.

प्रश्न : मी सातवीत आहे. रोमन अंकांत शून्य नाही, मग ते लोक बेरीज आणि गुणाकार कसे करत होते? ते गणितात कच्चे होते का? (एक विद्यार्थी, हडपसर)

बाळ, प्रश्न फार चांगला विचारलास. रोमन लोक ही अक्षरे उत्तर नोंदवून ठेवण्यासाठी वापरत. हिशेब करायचे ते खड्यांनी किंवा मण्यांच्या फळीवर. हल्ली पुण्यात ठिकठिकाणी ॲबॅकसचे वर्ग चालतात. तू किंवा तुझा मित्र तेथे जात असेल, तर त्या चौकटीत प्रत्येक तारेवर आडव्या पट्टीच्या वर एक मणी आणि खाली चार मणी असतात, हे तू पाहिले असशील. वरचा पाचाचा, खालचे एकेकाचे. रोमन लोकांच्या हातात मावणाऱ्या फळीवरही हीच रचना होती : वरच्या खाचेत एक मणी, खालच्या खाचेत चार. आता त्यावर आठ मांडून बघ. वरचा एक आणि खालचे तीन मणी सरकतात, आणि आठ लिहितात व्ही-आय-आय-आय. चिन्ह आणि मणी यांचा मेळ किती सरळ आहे, हे तुला लगेच दिसेल. एखाद्या घरात काही नसेल तर त्या खाचेतील मणी हलवायचेच नाहीत, म्हणून शून्यासाठी चिन्ह नसूनही हिशेब अडत नसे.

बेरीज तर नुसत्या अक्षरांनीही करता येते. २७ आणि १६ घे. एक्स-एक्स-व्ही-आय-आय आणि एक्स-व्ही-आय यांची सगळी अक्षरे एकत्र करून मोठ्यापासून लहानापर्यंत लाव : तीन एक्स, दोन व्ही, तीन आय. दोन व्ही मिळून एक एक्स, म्हणजे चार एक्स आणि तीन आय. चार एक्स म्हणजे एक्स-एल. उत्तर एक्स-एल-आय-आय-आय, म्हणजे ४३. संख्येत आय-व्ही किंवा आय-एक्ससारखी जोडी असेल तर तिचे आधी चार किंवा नऊ सुटे करून घ्यायचे, एवढेच पथ्य. सोळा त्रिक अठ्ठेचाळीसही असेच जमते. सोळाची अक्षरे तीनदा लिहून बघ. मोठ्या संख्यांचा गुणाकार मात्र अक्षरांनी करणे जिकिरीचे आहे, आणि त्यासाठी फळीच लागते.

रोमन लोक कच्चे होते असे म्हणण्याआधी एकदा आपल्याच जिल्ह्यातील जुन्नरजवळच्या नाणेघाटात जाऊन ये. तेथील लेण्यात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा सातवाहनांचा ब्राह्मी लिपीतील लेख आहे आणि त्यात यज्ञात दिलेल्या दानांचे आकडे कोरलेले आहेत. आपल्या देशातील अंकचिन्हांच्या अगदी जुन्या नमुन्यांमध्ये त्यांची गणना होते. त्या आकड्यांतही शून्य नाही. दहासाठी वेगळे चिन्ह, विसासाठी वेगळे, शंभर आणि हजारासाठी वेगळे. फरक इतकाच की रोमन लोक चारशे लिहिताना सी-डी, म्हणजे पाचशेतून शंभर वजा करत, तर नाणेघाटात शंभराच्या चिन्हालाच चाराचे चिन्ह जोडले आहे, जणू ‘चार वेळा शंभर’. माझ्या मते ही कल्पना फार मोलाची आहे, कारण चाराला चारच ठेवून त्याचे घर सांगण्याकडे ती एक पाऊल टाकते. पुढे जागेवरून किंमत ठरवण्याची पद्धत आपल्याकडे घडली, इसवी सन ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने शून्याशी बेरीज, वजाबाकी आणि गुणाकार करण्याचे नियम लिहिले, आणि ग्वाल्हेरच्या किल्ल्यातील चतुर्भुज मंदिराच्या ८७६ सालच्या शिलालेखात २७० हा आकडा शून्यासह कोरलेला आजही पाहता येतो. हे अंक अरबांकडून युरोपात गेले आणि पिसा शहराच्या फिबोनाचीने १२०२ मध्ये ते आपल्या ग्रंथातून तिकडच्या व्यापाऱ्यांना समजावून दिले. तोवर, आणि त्यानंतरही बराच काळ, युरोपातील व्यापार खड्यांवर आणि याच सात अक्षरांवर चालत होता.

प्रश्न : आमच्या गृहरचना संस्थेची इमारत १९७४ साली उभी राहिली. प्रवेशद्वारावर संगमरवरी पाटी लावायची असून वास्तुरचनाकारांनी साल रोमन अंकांत सुचवले आहे. समितीत एकाने शेवटचे चार हे चार रेघांनी काढावेत असे म्हटले, दुसऱ्याने आय-व्ही. बरोबर काय? (संस्थेचे एक सभासद, एरंडवणे)

साल लिहिताना आय-व्हीच योग्य. चार रेघांची मुभा घड्याळाच्या तबकडीपुरती ठेवावी. हजाराचा एम, नऊशेचे सी-एम, सत्तरचे एल-एक्स-एक्स आणि चारचे आय-व्ही, मिळून एम-सी-एम-एल-एक्स-एक्स-आय-व्ही, एकूण आठ अक्षरे. पाटी कोरणाऱ्या कारागिराला साल तोंडी किंवा फोनवर सांगू नये. मोठ्या अक्षरांत छापलेला कागद हातात द्यावा आणि दगडावर पेन्सिलीने आखणी झाल्यावर, छिन्नी लागण्याआधी, समितीतील दोघांनी स्वतंत्रपणे ती वाचून आकडा सांगावा. अक्षरवळण असे निवडावे की आय या अक्षराला वर आणि खाली आडवी रेघ असेल. नुसती उभी रेघ लांबून एल या लहान अक्षरासारखी किंवा एक या इंग्रजी अंकासारखी दिसते. माझी आग्रहाची सूचना अशी की त्याच पाटीवर, रोमन अक्षरांच्या खाली, १९७४ हे साल देवनागरी अंकांतही कोरून घ्यावे. इमारतीत राहणारी पहिलीतली मुले आणि रोज दार उघडणारे रखवालदार यांनाही ते वाचता आले पाहिजे, आणि चार जादा अंक कोरायला कारागिराला फार वेळ लागत नाही.